पिंडाशेजारी फोन

पिंडाला कावळा शिवेना. श्रद्धांजलीची भाषणं संपली होती, प्रवचन आटोपलं होतं. इंद्रायणीच्या घाटावर ऊन चढलं होतं आणि दशक्रियेला आलेली निम्मी मंडळी हळूच घड्याळ बघत होती. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या लिंबावर रांगेनं बसले होते, पण एकाही मेल्याला खाली उतरायची इच्छा नव्हती.

कौशल्याबाईंचा जीव टांगणीला लागला होता. कोंडाजी ध्यानीमनी नसताना गेले. माणसाचं काहीतरी मागं राहिलंय, तो कशात तरी अडकून पडलाय, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं.

मुलगा ज्ञानदेव पुढं झाला. हात जोडून म्हणाला, "आप्पा, आईला अंतर देणार न्हाई." कावळ्यांनी नुसती मान वळवली. मग "घराचं राहिलेलं काम पुरं करीन." मग "तायडीचं माहेर तुटू देणार न्हाई." ज्ञानदेवजवळची वचनं संपली, तरी कावळे जागचे हलले नाहीत.

"ज्ञानदेव, तुझ्यात न्हाई अडकलाय तो," सयाजी म्हणाले. कोंडाजींचे हे कंपनीतले जोडीदार, आणि रिटायर झाल्यापासून कट्ट्यावरचेही. "त्याचा जीव त्या फोनात हाय."

झालं. ज्याची धास्ती होती तेच निघालं. पुतण्या रविराजनं घडीचा फोन घेतला होता, पुस्तकासारखा उघडायचा न् मिटायचा. तेव्हापासून चिखलीच्या कट्ट्यावर दोन तट पडले होते आणि विरोधकांचे म्होरके होते कोंडाजी. उभा जन्म प्रेसशॉपमध्ये पत्रा वाकवण्यात गेलेला. "जे वाकतं ते कधीतरी मोडतं," हे त्यांचं पालुपद. कट्ट्यावरचं भांडण घरी आणून ते कौशल्याबाईंना पहिल्यापासून ऐकवायचे, तेही दोन्ही बाजूंनी. बाईंनी तो फोन कधी हातात धरला नव्हता, पण त्याच्या बिजागरीचे गुण-दोष त्यांना पाठ झाले होते.

"चूक झाली म्हण," सयाजींनी रविराजला फर्मावलं. "घडीचा फोन भिकार हाय, असं सांग तुझ्या चुलत्याला."

"का म्हणू, तात्या? काका मला बाजूला घेऊन फोन मागायचे. नुसता उघडायचे, मिटायचे. आवडला होता त्यांना. तुमच्यापुढं बोलत नव्हते इतकंच."

"बिजागरी बघत व्हता तो. कुठनं मोडल ते."

रविराजनं खिशातून फोन काढला, उघडला आणि सरळ पिंडाशेजारी नेऊन ठेवला. भात, भजी, तंबाखूची पुडी आणि फोन. पुडी कोंडाजींना आवडायची म्हणून ठेवली, मग फोननं काय घोडं मारलंय, असा त्याचा हिशेब. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

आणि नेमका एक कावळा उतरला. उड्या मारत मारत पिंडाजवळ आला. घाट चिडीचूप झाला. 

तेवढ्यात फोन वाजला. कावळा उडाला, आणि त्याच्याबरोबर लिंबावरचे बाकीचेही.

"लोनवाल्यांचा होता," रविराज ओशाळून म्हणाला.

"बघा," सयाजींना स्फुरण चढलं. "एवढा महाग फोन, पण वेळकाळ कळत न्हाई त्याला."

"साधा फोन वाजत नाही का, तात्या?"

"साधा फोन पिंडाशेजारी ठिवतंय कोण?"

मग वादात पडद्यावरची घडीची रेघ निघाली, बॅटरी निघाली, तेवढ्या पैशात चांगली दुचाकी आली असती हेही निघालं. मागं पेंगणारी मंडळी जागी होऊन दोन्हीकडून सरसावली. ज्याच्या त्याच्या तोंडी 'कोंडाजी म्हणायचे'. मेलेल्या माणसाला दोन्ही पक्षांनी साक्षीला उभं केलं होतं.

कौशल्याबाईंचं डोकं उठलं. इतका संताप त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता. त्यात गुरुजी ज्ञानदेवच्या कानाशी लागले, "अजून थोडं थांबू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्रात सोय आहे." ते बाईंनी ऐकलं. गवताच्या कावळ्यावर नवऱ्याची बोळवण करायची? भरल्या घरातून उठून गेलेला माणूस कायमचा असा अधांतरी ठेवायचा, आणि तोही एका बिजागरीपायी?

त्या उठल्या. पिंडापाशी जाऊन फोन उचलला आणि त्याच्याकडं न बघताच रविराजच्या हातात दिला. मग वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, पिंडाशी काहीतरी बोलल्या आणि मागं सरकल्या.

पाठीमागं वाद रंगातच होता. "काका, तुम्हाला फोन आवडला होता, मी सांगतो सगळ्यांना," रविराज ओरडला. त्याच दमात सयाजींनीही हात जोडले, "कोंडाजी, फोन भिकारच. तुझंच खरं."

कावळे पुन्हा लिंबावर येऊन बसत होते. त्यातला एक सरळ खाली आला, भाताला चोच लावली आणि घास घेऊन नदीपलीकडं निघून गेला.

"बघितलं?" दोघंही एकदम म्हणाले. आणि कावळ्यानं कुणाचं ऐकलं, यावर नव्यानं जुंपली.

ज्ञानदेव आईला धरून पायऱ्या चढू लागला. बाईंचे डोळे आता कुठं भरून आले होते. "आई," त्यानं विचारलं, "तू काय म्हणालीस आप्पांना?"

कौशल्याबाईंनी त्या घोळक्याकडं एकदा वळून पाहिलं.

"काय म्हणणार? म्हटलं, हे काय थांबायचे न्हाईत. तुमी वाट बघू नका, जावा."