पिंपरीच्या वर्गाचा निकाल

"एक नापास आहे, आबाजी," कारखान्याचे साहेब म्हणाले आणि पुण्याहून आलेला, फोडलेला लिफाफा त्यांनी टेबलावर ठेवला.

आबाजी मास्तरांच्या डोळ्यांपुढे एकदम चिमाजीच उभा राहिला.

कारखान्यासाठी चिमाजीचं शेत गेलं, त्याला दोन वर्षं झाली होती. पस्तिशीचा गडी, घरात पाच तोंडं. वायरमनची परीक्षा पास झाला तर कायमची नोकरी, असं कंपनीनं सांगितलं होतं. सत्तावन्न साल होतं. नव्या नियमानं परवान्याशिवाय कुणालाच तारेला हात लावता येणार नव्हता.

मास्तरांच्या वर्गात पहिल्या दिवशी चिमाजीनं पक्कड विळ्यासारखी धरली होती. बाकीचे अकरा जण खो खो हसले.

"हसू नका," मास्तर म्हणाले. "नांगर धरणारा हात आहे. थरथरत नाही."

मास्तर लष्कराच्या वर्कशॉपात वीस वर्षं घासून आलेले. काळोखात नुसतं चाचपून तारेचा कुठला जोड कच्चा आहे ते सांगत. खडूची मात्र त्यांना भारी चीड. फळ्यावर लिहायचं काम ते चिमाजीवर टाकत. "मी बोलतो, तू लिही. लिहिशील तर ध्यानात राहील." चौथीपर्यंत शिकलेला चिमाजी घाम पुसत लिहायचा. सहा महिन्यांत त्याचं अक्षर सुधारलं, आणि जोड तर असा बसू लागला की ओढून तुटेना.

परीक्षेला मास्तर सगळ्यांना घेऊन पुण्याला गेले. दिवसभर बाहेर उन्हात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी, काही कागद राहिलेत असं सांगून, पुन्हा एकटेच जाऊन आले.

आणि आज हा लिफाफा.

"चिमाजी?" मास्तरांनी विचारलं.

साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. "पास. तोंडीत तर केंद्रात पहिला."

मास्तरांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग एकेक नाव विचारत गेले. भोसरीचा दत्तोबा? पास. चिखलीचा ज्योतीराम? पास. ताथवड्याचा मालोजी? पास. शेवटचं नाव झालं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल," साहेब हळूच म्हणाले.

"छे हो! एवढा मोठा दिवस माझ्या आयुष्यात आला नाही."

बाहेर लिंबाखाली सगळे जीव मुठीत धरून उभे होते. मास्तर पायरीवरूनच ओरडले, "सगळे पास! उद्यापासून कामाला लागा!"

एकच गलका झाला. चिमाजीनं धावत येऊन पायांवर डोकं ठेवलं. "मास्तर, रान गेलं तवा वाटलं, आता मी कुनीच न्हाई."

"ऊठ. वायरमन कुणाच्या पाया पडत नाही."

चिमाजी उठला, पण त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकतच होती. "खरं सांगा. शिपाई म्हनत हुता, एक जन नापास हाय. आमचं मन राखाया लपवताय न्हवं?"

"लपवतोय कशाला? आहेच एक."

गलका थांबला. बारा जण एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

"कोन, मास्तर?"

मास्तरांनी टोपी सरळ केली आणि छाती पुढे काढून म्हणाले, "लेखीत आपटला तो तुमचा मास्तर."