टमाटर, मेथी आणि जुने कंडेन्सर

“भाजी काय करतेस वं?” बुधरामनं आतल्या खोलीकडं तोंड करून विचारलं. हातात टेलिफोनचा जुना कंडेन्सर, आणि चौकशी भाजीची.

समोर बसलेल्या प्रफुल्लला हे खटकलं. तो नागपूरच्या एका संग्रहालयाचा माणूस. तिथं एक जुनं टेलिफोन एक्स्चेंज पुन्हा वाजतं करायचं होतं. आत शेकडो कंडेन्सर. एक जरी चुकीचा बसला तर उरलेलंही जळून जाणार. ते ओळखणारा माणूस कोंढा गावात आहे, टेलिफोन खात्यातला निवृत्त मेकॅनिक बुधराम, असं दहा जणांनी सांगितलं. दहा जण एकच सांगू लागले की प्रफुल्लला आधी शंका येई. त्यात म्हाताऱ्याची अट, “येतो, पन बायको संगं येईल. टेबलापाशी बसंल.”

टेबलापाशी कशाला?

म्हणून त्यानं परीक्षेला तीन कंडेन्सर आणले होते. चपटे, बोराएवढे, खाली दोन तारा, अंगावर रंगीत पट्टे. पट्ट्यांचे रंग वाचले की आत किती वीज साठते तो आकडा कळतो. खरे आकडे त्याच्या खिशातल्या वहीत होते.

रेवताबाई बाहेर आली. नवऱ्याच्या हातावर पार नाक टेकेल इतकी वाकली. म्हणाली, “टमाटर. अन् मेथी.” आणि आत गेली.

बुधरामनं कंडेन्सर चिमटीत फिरवला आणि आकडा सांगितला. बरोबर.

दुसरा दिला. पुन्हा तेच. “भाजी काय करतेस वं?”

“वांगं. संगं गाजर.”

आकडा बरोबर.

आता प्रफुल्लच्या डोक्यात उजेड पडला. टमाटर लाल. मेथी हिरवी. वांगं जांभळं. तो पाणी प्यायच्या निमित्तानं उठला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. तिथं भाजीचं एक पान नव्हतं. परातीत मासे होते, आणि रेवताबाई ते हातानं चाचपून साफ करत होती.

“बाई, ही भाजी नाही. हे रंग आहेत.”

तिचा हात थांबला.

“हव जी,” ती हळूच म्हणाली. “त्याइले रंग दिसत नाही. जन्माचंच हाय. खात्यात समजलं असतं तं नोकरी गेली असती. मी डबा घेऊन जाओ अन् भाज्या सांगो. तीस वर्षं.”

“म्हणजे फसवणूक.”

“फसवनूक तं पुढंच हाय, साहेब. दोन वर्षं झाले, मले बी रंग दिसत नाही. डाक्टर म्हनते, डोऱ्याची नस सुकली. सारं राखेवानी दिसते. मनात येईल ते भाजी सांगतो.”

“पण आकडे बरोबर येतात!”

“तेच तं! कसे येतेत, मलेच समजत नाही. त्याइले सांगू नोका, साहेब. हातपाय गरतीन त्याइचे.”

प्रफुल्ल बाहेर आला. पहिला कंडेन्सर पाहिला. पट्टे पिवळे आणि जांभळे. टमाटर नाही, मेथी नाही. दुसऱ्यावर ना वांगं, ना गाजर. मग म्हाताऱ्याला सांगतं कोण? त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. खाटेखाली पाहिलं. बुधरामच्या दोन्ही कानांतही पाहिलं. तिथं फक्त केस होते.

“काही हरपलं का जी?” बुधरामनं विचारलं.

प्रफुल्लनं आतलं दार लोटलं. तिसरा कंडेन्सर त्याच्या तळहातावर ठेवला. “आता हाक मारायची नाही.”

बुधरामनं हाक मारली नाही. कंडेन्सरकडं पाहिलंही नाही. अंगठ्यानं जाडी चाचपली, दोन तारांमधल्या अंतरावर नख ठेवलं आणि आकडा सांगितला.

प्रफुल्लनं वही काढली. बरोबर.

“हे कसं?”

“तीस वर्षं बायको रंग सांगे, अन् माही बोटं आयकत राहत. बोटाइलेच पाठ झालं.”

“मग एकटेच या ना नागपूरला. बाईंची गरज काय?”

बुधराम उठला. लोटलेलं दार नीट लागलंय का ते पाहून आला.

“मले नाही जी गरज,” तो कुजबुजला. “तिले रंग दिसत नाही, दोन वर्षं झाले. मले ठाव नाही असं तिले वाटते. पन मी इचारनं सोडलं, तं तिले वाटंल, आपलं काम सरलं.”