पाडव्याची गोळी

पायाला काहीतरी टोचलं, तेव्हा विमलाबाईंना वाटलं, काटा असेल. हातातली कडुनिंबाची डहाळी तशीच धरून त्यांनी कंदील खाली नेला. वाळल्या गवतातून काहीतरी सळसळत बांधापलीकडे गेलं. काय ते दिसलं नाही. घोट्याच्या वर दोन लाल ठिपके मात्र दिसले.

अजून उजाडायचं होतं. डोंबिवलीच्या त्या टोकाला तेव्हा घरं संपली की भाताची खाचरं लागत, आणि बांधावरच्या त्या झाडाचा पाला पाडव्याला सगळी आळी नेत असे. ओरडलं असतं तर चार माणसं धावून आली असती. विमलाबाई ओरडल्या नाहीत. जुन्या पदराची चिंधी फाडून त्यांनी पोटरीला आवळून बांधली, लुगडं खाली ओढलं आणि डहाळी घेऊन घरी आल्या.

आज मंदाचा साखरपुडा होता. नऊच्या सुमाराला कल्याणची मंडळी यायची होती. आधीच्या ठिकाणांहून आलेले नकार पोरीने कसे गिळले ते आईने पाहिलं होतं. आता कुठे जमलं होतं, आणि मुलगा मंदाच्या मनात भरला होता. ऐन आजच्या दिवशी मुलीच्या आईला पान लागलं, तर लोक मुलीलाच नावं ठेवणार. पान लागलं म्हणजे साप चावला. विमलाबाईंच्या माहेरी, कोकणात, त्याचं नाव घेत नसत.

त्याची परीक्षाही माहेरीच पाहिलेली. धोंडीबामामाला पान लागलं तेव्हा सगळ्यांनी त्याला कडुनिंबाचा पाला चावायला दिला होता. कडू लागला तर भिण्याचं कारण नाही, गोड लागला तर विष अंगात भिनलं, असं मानत. मामाने मूठभर पाला उसासारखा चावून खाल्ला आणि आणखी मागितला. दुपारी तो गेला.

डहाळी हातातच होती. पण एक पान तोडून तोंडात टाकायचा धीर विमलाबाईंना वाटभर झाला नाही. घाईही नव्हती, घरी गोळी काही चुकणार नव्हती. मंदाचे वडील, अप्पा, ठाण्याच्या कचेरीत कारकून. पण वसंत ऋतू लागला की घरापुरते वैद्य. दही बंद, दुपारची झोप बंद. आल्याचा काढा, कोरडं पीठ चोळून आंघोळ. आणि पाडव्याला उपाशीपोटी कडुनिंबाची गोळी. ती चावून खायची आणि तोंड वाकडं करायचं नाही, असा दंडक होता. विमलाबाईंचं तोंड दरवर्षी वाकडं व्हायचं.

गुढी उभी राहिली. मंदाने वाटीतून गोळ्या आणल्या, अप्पांना दिली, आईच्या तळहातावर एक ठेवली. विमलाबाईंनी मनात देवाचं नाव घेतलं आणि ती तोंडात टाकली. चिंच लागली, ओवा लागला. मग गूळ. त्या चावत राहिल्या, वाट पाहत राहिल्या. कडू काही येईना.

त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मामा दुपारपर्यंत होता, त्यांच्या मनात आलं. पाहुणे नऊला येतील. पोरीच्या हातावर साखर पडेपर्यंत निभावलं म्हणजे झालं.

अप्पांनी गुढीकडे बघतच विचारलं, यंदाचा पाला कसा आहे.

"कडू," विमलाबाई म्हणाल्या. "फार कडू."

अप्पा समाधानाने हुंकारले. मंदाचा हात मात्र वाटीतच थांबला. आईच्या गोळीत पाला नव्हताच. गेल्या पाडव्याला गोळी खाऊन आईला उलट्या झाल्या होत्या, म्हणून या वेळी मंदाने चिंचगूळ आधीच थोडा बाजूला काढला होता आणि अप्पांना संशय नको म्हणून त्यात कोथिंबीर वाटून घातली होती. हे ती कुणालाच बोलली नव्हती. गोळी तोंडात गेली की आई आपल्याकडे बघून गालात हसेल, एवढीच तिची गंमत.

आधी तिला वाटलं, आई आपल्याला सांभाळून घेतेय. मग तिने आईचा चेहरा पाहिला. तो राखेसारखा झाला होता, आणि एक हात पोटरीवर दाबून धरलेला होता. मंदाने लुगड्याचा काठ वर केला. चिंधी दिसली, ठिपके दिसले. धोंडीबामामाची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती.

"पाहुणे जाऊ देत," आई पुटपुटली. "मग सांग यांना."

मंदाला संताप आला आणि रडूही आलं. आपण मेलो असं समजून ही बाई माझ्यासाठी खुशाल खोटं बोलत बसली होती! तिने अप्पांना सगळं सांगितलं, पाहुणे येवोत की परत जावोत, आधी डॉक्टरकडे न्यायला टांगा आणा म्हणाली. अप्पा अनवाणीच नाक्याकडे धावले.

मग मंदा उठली. गुढीला बांधलेला पाला तिने ओरबाडून घेतला आणि आईच्या तोंडाशी धरला.

"मघाच्या गोळीत हा नव्हता, आई. मी घातलाच नव्हता. आता हा चाव."

विमलाबाईंनी डोळे मिटून चावलं. क्षणभर काहीच नाही. मग आईचं नाक आक्रसलं, ओठ मुडपले, सगळं तोंड वाकडंतिकडं झालं आणि मिटल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

त्यांनी घास थुंकला नाही. तोंडातलं सगळं चावून गिळलं आणि लेकीपुढे हात पसरला.

"आणखी दे," त्या म्हणाल्या.