आधी लेक

सिस्टरने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ भिकाजीपुढे धरलं. "घ्या आजोबा, नातू झालाय. बाळ पायाळू होतं, म्हणून सिझर करावं लागलं."

भिकाजीने हात पुढे केले नाहीत. सकाळपासून तो ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर दगडासारखा बसून होता. औषधं आणायला निघालेल्या जावयाने दोनदा हाक मारली, तीही त्याला ऐकू आली नव्हती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याची लेक रेश्माही अशीच पायाळू जन्मली होती. तेव्हा सुईणीने आधी पोर त्याच्या हातात दिली आणि मग बायको गेल्याचं सांगितलं.

"आधी माझी लेक दाखवा," तो म्हणाला.

सिस्टरने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग बाळाला सावरत तिने दार ढकललं.

रेश्मा डोळे मिटून पडली होती. भिकाजी पायथ्याशीच थांबला आणि तिच्या अंगावरची चादर वरखाली होताना बघत राहिला. किती वेळ गेला, कोण जाणे. शेवटी तिने डोळे उघडले.

"बाबा, जेवलात का तुम्ही?"

"नाही गं," तो म्हणाला, आणि त्याला एकाएकी कडकडून भूक लागली.