शेवटच्या थांब्याचं नाव

बसमध्ये थांब्यांची नावं सांगणारा आवाज माझा आहे. शेवटचा थांबा म्हणजे माझं माहेर. आमच्या भाषेत त्या गावाचं नाव एक, नदीपलीकडच्यांच्या भाषेत दुसरं आणि बाजारातल्या दुकानदारांच्या भाषेत तिसरं. मी तिन्ही नावं सांगायचे, आणि आजवर कुणी चुकीच्या गावात उतरलं नाही.

"ही तीन नावं आता बंद," नवे साहेब म्हणाले. "वरून चौथं ठरवून आलंय, तेवढंच वाचा."

"ते नाव तिथे कुणाच्या तोंडात नाही, साहेब."

"होईल सवय. आणि मला शहाणपणा शिकवू नका, बाई. तुमच्यासारखे आवाज छप्पन्न मिळतील."

मी काचेच्या खोलीत गेले, हेडफोन लावले आणि सगळी यादी नव्याने रेकॉर्ड केली. साहेबांनी न ऐकताच सही ठोकली.

आठवड्याभराने मला बोलावणं आलं. साहेब लालबुंद झाले होते.

"तपासनिसाचा रिपोर्ट आलाय. शेवटच्या थांब्याला अजून तिन्ही नावं ऐकू येतात! आत्ताच्या आत्ता पुसून टाका ती."

मी त्यांच्यासमोरच रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज म्हणाला, "पुढचा थांबा..." आणि त्यानंतर चार सेकंद काहीच नाही.

 

"मी तिथे गप्प बसलेय, साहेब. नावं घेते ती अख्खी बस. आता ती कशी पुसायची, तेवढं सांगा."