सूनबाईंचा प्रोग्राम

कारखान्यातल्या जुन्या मास्तरांनी मशीन थांबवायच्या लाल बटणावर तळहात ठेवला आणि ‘होऊ दे सुरू’ अशी मान हलवली. मशीनच्या काचेपलीकडे धातू कापणारं टूल फिरू लागलं. कूलंटचं पांढरं पाणी काचेवर सपासप आपटलं. भोवती जमलेली माणसं एक पाऊल मागे सरली.

पंपाचं चक्र कापायचं होतं. पात्याला पातं खेटून वळलेलं, एक बाजू सरळ असेल तर शपथ. असल्या जॉबला टूल खालीवर, पुढेमागे, डावीउजवीकडे जातं आणि त्याच वेळी खालचं टेबल कलतं आणि गोल फिरतं. पाचही हालचाली एकदम. कुठे काय कशाला धडकेल, याचा भल्याभल्यांना अंदाज येत नाही. म्हणून मास्तर आजवर आधी जॉबच्या वरून, नुसत्या हवेत टूल फिरवून बघायचे. त्यात अख्खा दिवस जायचा. सूनबाई म्हणाल्या, आता त्याची गरज नाही. त्यांनी टेबल, टूल, पकडी, सगळं मशीन कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब उभं केलं होतं. जॉब स्क्रीनवर आधीच कापून झाला होता आणि कुठेही काही धडकलं नव्हतं.

सूनबाई म्हणजे मास्तरांच्याच धाकट्या मुलाची बायको. कारखान्यात नवीन. सकाळी मालकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं की धातूचा हा एकच ठोकळा आहे, दुसरा कधी मिळेल याचा भरवसा नाही. जॉब नीट उतरला तर सगळी मशीनं अशीच चालतील. बिघडला तर सॉफ्टवेअर परत आणि सूनबाईंना नारळ.

कारखान्याला आणखी काय हवं? सुनेचं काम मशीनवर आणि सासऱ्याचा हात बटणावर. म्हातारा बटण दाबायला टपून बसलाय, असं जो तो म्हणत होता. घरी जेवताना दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत, हेही कोणीतरी खोदून काढलं होतं. मास्तरांनी यातलं काही ऐकलं असलं तरी दाखवलं नाही.

पहिलं पातं निघालं. मग दुसरं. आवाज एकसारखा, कुठे खरखर नाही. सूनबाई कॉम्प्युटरपाशी ओठ चावत उभ्या होत्या. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, तेव्हा मागून कुणीतरी हळूच हसलं.

मग टेबल कललं. कललं ते कलतच गेलं. ठोकळ्याच्या बुडाशी, डाव्या अंगाला एक क्लॅम्प होता, ठोकळा दाबून धरणारी लोखंडी पकड. टेबलाबरोबर तो वर आला आणि टूलचा जाड भाग सरळ त्याच्याच दिशेने निघाला. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी बटण दाबलं.

मशीन जागच्या जागी थांबलं. धडक टळली, पण कापता कापता अडकलेल्या टूलने पात्यावर खोल खोक पाडली. जॉब गेला.

सूनबाई धावत आल्या. कारखान्यात त्याही इतरांसारखं ‘मास्तर’च म्हणायच्या.

“बाबा, तुम्ही ठीक आहात ना?”

मास्तरांनी नुसती मान हलवली. मग सूनबाईंनी आत पाहिलं. क्लॅम्पवर त्यांची नजर बराच वेळ राहिली.

मालक आले. ते फार चिडले की फार हळू बोलतात. चूक कोणाची, एवढंच त्यांनी विचारलं.

“माझी,” सूनबाई म्हणाल्या. “हा क्लॅम्प माझ्या मॉडेलमध्ये नव्हता.”

शब्द न् शब्द खरा होता. मालकांना तेवढा पुरला. सॉफ्टवेअर उद्याच परत जाईल आणि सूनबाईंनीही उद्यापासून येऊ नये, असं सांगून ते वळले. मास्तर जिंकले होते. त्यांनी आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तर त्यांचा हात कोणी धरला नसता. पण शरमेने त्यांना तेवढंही जमेना.

“थांबा,” ते म्हणाले. “तिच्या मॉडेलमध्ये तो असणार कसा? तिने लावायला सांगितलाच नव्हता. सगळे यायच्या आधी मी लावला.”

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला आपलंच खरं ठरल्यासारखं वाटलं. मालकांनी तर सरळच विचारलं, सुनेचं नाक कापायला लावला का?

मास्तरांचा हात अजून बटणावरच होता. ते मालकांकडे नाही, सूनबाईंकडे बघत होते.

“तिचा पहिलाच जॉब,” ते म्हणाले. “जागचा हलू नये, एवढंच वाटलं मला.”