पाचवं मत

सख्खा मामा, आणि भाचीवर वेळ आली तेव्हा दाराबाहेर जाऊन उभा राहिला! शोभाबाईंना श्रीकांतचं हे वागणं मुळीच पटलं नाही. तो समितीच्या बैठकीतून जिना उतरून खाली आला तेव्हा हॉलभर लोक होते. तरी त्या गप्प बसल्या नाहीत.

"बाहेर काय, कॉफी पीत बसलास?"

"आई, नियम आहे. आपलं कुणी संघात असेल, तर त्या संघाची चर्चा होताना बाहेर जायचं. माझ्यामागे ठरलं सगळं. मी काय करणार?"

एवढं बोलून तो हरीशकडे गेला. हरीश समितीचा अध्यक्ष, आणि ऑफिसात श्रीकांतचा मॅनेजर.

नेदरलँड्समधल्या आपल्या कॉलेजच्या पोरींची ही फुटबॉलची लीग. नऊ सामन्यांतले सहा जिंकले की संघ रॉटरडॅमच्या शेवटच्या मोठ्या सामन्याला पात्र होतो. पण पात्र होणं वेगळं आणि आमंत्रण येणं वेगळं. आमंत्रण पाच जणांची समिती देते. यंदा एकच जागा उरली होती. भार्गवीचा आम्स्टेलवीनचा संघ नऊच्या नऊ जिंकला होता. आइंडहोवनचा सहा. आमंत्रण आइंडहोवनला गेलं.

भार्गवीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. रॉटरडॅमला मोठ्या क्लबचे कोच मुली बघायला येतात, एरवी कुणी बघत नाही. ती खिडकीपाशी सात नंबरची जर्सी घालून बसली होती. "इट्स ओके, आजी," म्हणाली. ओके कसलं डोंबलाचं. जर्सी काढायचं नाव घेत नव्हती पोर.

ती चार वर्षांची होती तेव्हा तिची आई गेली. शोभाबाईंची एकुलती एक लेक. बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. तेव्हा श्रीकांतच म्हणाला होता, "आई, ही आता माझी." कागदपत्रं करून त्यानं दोघींना इकडे आणलं. त्या एका वाक्यावर शोभाबाईंनी सोळा वर्षं या थंडीत काढली.

चहाच्या टेबलाशी एक बाई कप भरत होती. गळ्यात समितीचं कार्ड, वर नाव विशाखा. शोभाबाईंनी तिला गाठलं.

"काय हो, नऊ जिंकून घरी आणि सहा जिंकून रॉटरडॅमला? शाळेत मी चौथीच्या पुढे गेले नाही, पण नवाला सहापेक्षा मोठंच म्हणतात ना अजून?"

विशाखा कसनुसं हसली. "काकू, आइंडहोवनच्या मागे चार बसा भरून माणसं येतात. स्टेडियम भरायला हवं, असं हरीशचं म्हणणं. मी तुमच्या बाजूनं मत दिलं होतं. दोन-दोन झाली. आणखी एक मत तिकडे गेलं नसतं, तर तुमच्याच मुली जाणार होत्या. बरोबरी झाली की जास्त जिंकलेला संघ घेतात."

"आणखी एक कुठलं? पाचातला एक तर तुम्ही दाराबाहेर काढला होता."

"बाहेर? बाहेर कुणीच गेलं नाही, काकू."

"माझा श्रीकांत गेला होता. सात नंबरची भार्गवी त्याची भाची."

विशाखानं कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"भाची? यादीत तर तिचं आडनाव वेगळं... काकू, हरीशनं आधी सगळ्यांना विचारलं होतं. या संघात कुणाचं कुणी आहे का? श्रीकांत म्हणाला, माझं कुणी नाही. शेवटचं मत त्याचंच पडलं."

मघाशी शोभाबाई ज्यासाठी लेकाला बोलल्या होत्या, तेवढं जरी त्यानं केलं असतं, नुसता दाराबाहेर जाऊन उभा राहिला असता, तरी पोर रॉटरडॅमला खेळली असती.

त्या पदर खोचून हॉलच्या मधोमध गेल्या. श्रीकांत हरीशशी हसून बोलत होता. आईचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं.

"माझं कुणी नाही, असं म्हणालास?"

"आई, हळू. घरी बोलू." त्यानं हरीशकडे पाहिलं. "वर्षअखेर आहे, माझं प्रमोशन... तुला नाही कळायचं. एका सामन्यानं काय होतंय? मी भार्गवीला समजावतो."

भार्गवी जवळ येऊन उभी होती. तिला मराठी बोलायला जड जायचं, पण समजायचं सगळं. शोभाबाईंनी तिचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"माय मरो पण मावशी जगो, असं जुनी माणसं सांगून गेली, श्रीकांत. त्यात मामाचं नाव का घातलं नाही, ते आज कळलं मला."